गवत कोणाचे?

आज २९ ऑगस्ट. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस म्हणून देशभर हा राष्ट्रीय क्रीडा दिन पाळला जातो. यवतमाळकरांना या तारखेची आणखी एक ओळख आहे. १८८० साली याच दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या वणीला माधव श्रीहरी अणे जन्मले. पुढे सारा देश त्यांना लोकनायक बापूजी म्हणून ओळखू लागला. आज शाळाशाळांतून ध्यानचंदांच्या प्रतिमेला हार घातले जातील, एखादी दौड निघेल, खेळाडूंचे सत्कार होतील. बापूजींच्या प्रतिमेपुढेही चार माणसे जमतील. या दोन कार्यक्रमांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या मते तो आहे, आणि तो गवताच्या वाटेने लागतो.

१९३० च्या उन्हाळ्यात देश मिठासाठी उठला होता. वऱ्हाडला समुद्र नाही, मिठागरे नाहीत. मग इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यातले असे काय होते, ज्यावर सरकारने हात ठेवला होता? जंगल. राखीव जंगलाच्या हद्दीत जनावर शिरले तर कोंडवाडा, गवताचा भारा आणला तर दंड. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला आणि अटक करून घेतली. या जिल्ह्यातला जंगल सत्याग्रह तिथून पेटला. कापलेल्या गवताची किंमत काही आण्यांची असेल. भांडण किमतीचे नव्हते. या जमिनीवर पाय कोणी ठेवायचा आणि हे गवत कोणी राखले, कोणासाठी राखले, याचे ते भांडण होते.

खेळाच्या मैदानांचा इतिहास वाचतानाही आम्हाला हाच प्रश्न सारखा भेटतो.

क्लबांची ही कथा एका बेटावरून सुरू करू. १८४२ साली मुंबईत गोल्फ क्लब निघाला. मुंबई तेव्हा खरोखरीचे बेट होते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायला अजून अकरा वर्षे होती. कलकत्त्यात १८२९ मध्ये असा क्लब निघाला होता, आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा तो जगातला सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. त्याच्या मागोमाग मुंबईचा. काढणारे होते घरापासून हजारो कोस दूर आलेले स्कॉटिश आणि इंग्रज अधिकारी, व्यापारी. त्या काळचा गोल्फचा चेंडू चामड्याची पिशवी शिवून तीत उकडलेली पिसे ठासून भरून बनवत. ओल लागली की तो जड व्हायचा, शिवणीत उसवायचा. मुंबईच्या पावसात असल्या चेंडूचा काय निभाव लागला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला आणि खेळ स्वस्त झाला. त्या चेंडूबद्दल एक आख्यायिका आहे. पूर्वेकडून स्कॉटलंडला पाठवलेली विष्णूची मूर्ती वाटेत फुटू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते, आणि ते तुकडे तापवून कोणाला तरी चेंडू वळायची बुद्धी झाली, अशी. खरी असो वा नसो, ती गोल्फच्या इतिहासात अजून सांगितली जाते.

मुंबईच्या या क्लबाला आपल्या मूळ गावाची ओढ इतकी होती, की त्याने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला एक रौप्यपदक भेट दिले. 'बॉम्बे मेडल' याच नावाने ते तिथल्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दिले जात आले आहे. म्हणजे मुंबईचे नाव सेंट अँड्र्यूजला राहिले. ज्या बेटावर तो क्लब निघाला, तिथे त्याचे काहीच उरले नाही. आजच्या मुंबईला तो आठवतही नाही. यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही. त्या क्लबाने त्या बेटावरच्या कोणाला आत घेतलेच नव्हते. सदस्य बदली होऊन गेले, निवृत्त होऊन गेले, काही इथल्याच मातीत गेले. आठवण ठेवायला मागे कोणी नव्हते.

गोल्फवर आमचा राग नाही, हे इथेच सांगून टाकतो. तो सचोटीचा खेळ आहे. बहुतेक वेळा पंच सोबत नसतो, खेळाडू आपले फटके आपणच मोजतो आणि आपल्या हाताने कार्डावर लिहितो. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये गोल्फ खेळला, त्याच ऑलिम्पिकमध्ये महिलांत अदिती अशोक चौथी आली, आणि एरवी हा खेळ न पाहणारी घरेही त्या दिवशी पहाटे टीव्हीसमोर बसली होती. पण अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि पाणी लागते. जिथे पाणी नव्हते, तिथल्या छावण्यांतून हिरवळीऐवजी वाळूत तेल कालवून खेळायच्या जागा करत आणि प्रत्येक डावानंतर गडी त्या पुन्हा सारख्या करत. इतकी जमीन आणि इतकी मेहनत चार माणसांसाठी राखायची, तर भोवती कुंपण येतेच.

मुंबईतल्या मोकळ्या मैदानाचा जन्मच मुळी तोफांसाठी झाला. किल्ल्यावरून मारा करताना मध्ये काही आड येऊ नये म्हणून समोरची जमीन मोकळी केली, तिला एस्प्लनेड म्हणत. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने त्याच जमिनीचे तुकडे. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला आणि या मैदानातला एक तुकडा युरोपियनांसाठी राखला गेला. त्यांच्या हिरवळीवर भारतीयांना मज्जाव. उरलेल्या जागेत पारशी, हिंदू, मुसलमान अशी शेकडो पोरे दाटीवाटीने क्रिकेट खेळत. इथवरही एक वेळ ठीक होते. पण साहेबांना पोलो खेळायचा होता आणि स्वतःच्या हिरवळीवर घोडे घालायचे नव्हते, म्हणून ते घोडे घेऊन या पोरांच्या जागेत उतरले. टापांनी जमीन उखडली, खड्डे पडले, चेंडू कसाही उसळू लागला. १८८१ मध्ये शेकडो भारतीय क्रिकेटपटूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. निकाल कधी इकडे झुकला, कधी तिकडे. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी ही सगळी झुंज पुढे पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला कळते. एका खड्ड्यासाठी अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज करणाऱ्या त्या तरुणांचे आम्हाला मोठे अप्रूप वाटते. काँग्रेसची स्थापना व्हायला तेव्हा अजून चार वर्षे होती. शेवटी सरकारने समुद्रकिनाऱ्याच्या भराव जमिनीवर पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळ्या जागा दिल्या. गवत मिळाले, पण धर्माधर्माच्या वाफ्यांत वाटून.

आणि त्या वाफ्यांच्या आतही कुंपणे होतीच. पालवणकर बाळू यांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. चर्मकार समाजातला हा पोरगा पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखायला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या, जाळी लावायची. सरावाला गोलंदाज कमी पडला की चेंडू त्याच्या हाती येई. डावखुरा, संथ, हवेत चेंडू लोंबकळत ठेवणारा. कॅप्टन ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज तासन् तास याच पोराच्या गोलंदाजीवर सराव करत असे. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुण्याच्या हिंदूंना साहेबांच्या संघाला हरवायचे होते आणि बाळूशिवाय ते जमणार नाही हे दिसत होते, तेव्हा मोठ्या चर्चेनंतर त्याला संघात घेतले. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी सवंगडी आत बसत आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात, वेगळा चहा मिळे. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम यांचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथे या माणसाने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, आणि तेही सहजासहजी नव्हे.

गवत वाढवणाऱ्यालाच त्यावर खेळू न देणे, याहून मोठा अन्याय मैदानाच्या इतिहासात आम्हाला दिसत नाही. तो साहेबाने केला आणि आपणही केला.

गोऱ्यांचे आणि भारतीयांचे क्लब वेगळे असण्याला मोठा धक्का मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ च्या सुमारास दिला. त्यांच्या नावाच्या क्लबात दोघांनाही प्रवेश होता. तिथे गोल्फही होता. पण तो प्रवेश भारतीयांतल्या राजेरजवाड्यांचा आणि धनिकांचा. पुण्यात १९०६ मध्ये निघालेल्या डेक्कन जिमखान्याने जरा वेगळी वाट धरली. खो-खो, हुतुतू यांचे नियम बसवण्याच्या कामात जिमखान्याचा पुढाकार होता. तिथल्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले, शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. डांबरी रस्त्याची, बुटांची सवय नसलेला माणूस!

आता आपल्या घराजवळ येऊ. १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. आज सारा महाराष्ट्र त्याला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून ओळखतो. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत ज्यांनी पोरांना कवायत, लेझीम, कबड्डी शिकवली, त्यांतले कितीतरी शिक्षक याच मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून तयार होऊन आले. हुतात्मा राजगुरूंच्या चरित्रातही या आखाड्याचे नाव येते. तिथे सुरुवात करायला दीडशे एकर लागले नाहीत. एक हौद, थोडी माती, एक सागवानी खांब.

ही माती म्हणजे काय चीज असते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. लाल माती चाळून, खडा न् खडा वेचून हौदात टाकायची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस कालवायचा, कोणी कडुलिंबाचा पालाही घालतात. रोज कुस्तीआधी फावड्याने ती खालपासून वर करायची, नाहीतर दगडासारखी बसते आणि पोरांच्या बरगड्या शेकतात. हे खोदणे हाच पहिला व्यायाम. नव्या पोराला पहिले कितीतरी दिवस डाव शिकवत नाहीत, फावडे देतात. गोल्फच्या हिरवळीची निगा जितक्या कसोशीने राखतात, तितकीच या मातीची राखतात. फरक एवढाच, की इथे निगा राखणारा आणि खेळणारा एकच असतो. मल्लखांबाचेही तसेच. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभट दादा देवधरांनी या विद्येला पुन्हा जीव दिला. एरंडेल चोळून चोळून तो खांब असा गुळगुळीत होतो, की त्यावरची प्रत्येक पकड अंगाच्या ताकदीवर आणि सरावावर राहते.

याच मंडळाची मुले १९३६ मध्ये बर्लिनला गेली. ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे जमलेल्या जगभरच्या पाहुण्यांपुढे त्यांनी कबड्डी, मल्लखांब, लेझीम या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच ऑगस्टमध्ये, १५ तारखेला, ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. क्रीडा दिनाच्या भाषणांत त्या आठ गोलांचा उल्लेख दरवर्षी होतो. त्याच शहरात, त्याच दिवसांत, अमरावतीच्या अंबानाल्याच्या काठची आपली पोरेही होती, हे सांगणारा वक्ता आम्हाला अजून भेटायचा आहे. कोणी प्रमुख पाहुणा हे वाचत असेल तर आजच्या भाषणात जरूर सांगावे.

आखाडे सर्वांना खुले होते, असे सरसकट म्हणणे खोटे ठरेल. जातीची उतरंड हौदाच्या काठावर येऊन थांबत नसे. वस्तीवस्तीचे, समाजासमाजाचे आखाडे वेगळे होते. मुली तर कितीतरी वर्षे दाराबाहेरच राहिल्या. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली जे करतात ते पाहिले, की या उशिराने आपण काय काय गमावले ते जाणवते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. ते सामने मॅटवर झाले. आपल्या खेड्यांतल्या पोरी मातीवर शिकतात आणि विभागीय स्पर्धेत एकदम मॅटवर उतरतात. वळताना पाय कुठे थांबेल याचा अंदाज चुकतो, आणि गुण जातो. एक मॅट एका तालुक्याला मिळाली तरी हे टळेल.

यवतमाळ शहरात मैदाने नाहीत असे नाही. नेहरू स्टेडियम आहे, समता मैदान आहे, आझाद मैदान आहे. तालुक्यातालुक्यांत क्रीडा संकुले व्हावीत असे राज्याचे धोरणही आहे. पण मैदानाचा दिवस कसा जातो, ते पाहा. आज सभा, उद्या प्रदर्शन, परवा आकाशपाळणे. मंडप उभारताना बल्ल्यांसाठी खड्डे खणतात, उठवताना बल्ल्या नेतात आणि खड्डे ठेवून जातात. त्यात खिळे, तारा, फुटकी काच. पावसाळ्यात त्यांवर गवत माजते आणि खड्डा दिसेनासा होतो. क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोराचा घोटा नेमका तिथेच मुरगळतो. १८८१ च्या मुंबईत ज्यासाठी अर्ज झाले, तीच ही तक्रार, आणि आज तर कोणी साहेब घोडे घेऊन येत नाही.

सभा-समारंभांना जागा लागते, हे आम्हाला मान्य आहे. लोकशाहीत मैदान सभेचेही असते. पण अनामत रक्कम घेऊन मैदान द्यावे, आणि प्रत्येक खड्डा भरून, ठोकून, त्यावर पाणी मारून दिल्याशिवाय ती परत करू नये, यात अवघड ते काय? शाळांची पटांगणे शाळा सुटल्यावर कुलूपबंद का राहतात? सामान चोरीला जाईल ही भीती खरी आहे. त्यासाठी खोल्यांना कुलूप लावा, पटांगणाला नको. नवी वसाहत पडताना आराखड्यात खेळासाठी दाखवलेला भूखंड पुढे कशासाठी वापरला गेला, याची यादी नगरपालिकांनी आपणहून फलकावर लावावी. ज्या वॉर्डात असा भूखंड आजही मोकळा आहे, तिथल्या लोकांना तो आपला आहे हे कळू द्या.

आणि एका गोष्टीबद्दल आम्हाला विशेष कळकळीने लिहायचे आहे. पहाटे साडेचार-पाचला दारव्हा रोड, आर्णी रोड, धामणगाव रोड, कुठल्याही रस्त्याला निघा. अंधारात पोरेपोरी धावताना दिसतात. शेतकऱ्यांची, मजुरांची मुले, पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. एकेका सेकंदावर गुण, आणि एकेका गुणावर घराचे नशीब. ट्रकचा दिवा अंगावर येतो तेव्हा ती साइडपट्टीच्या गिट्टीत उतरतात. कोणी मोटारसायकलच्या काट्यावर अंतर मोजून दगडावर खूण केलेली असते, तीच यांची शर्यतीची रेघ. ती खूण पन्नास मीटरनी चुकली असेल तर भरतीच्या दिवशी सगळा हिशेब कोलमडतो. मुली तिघी-चौघींच्या घोळक्याने येतात, कारण एकटीला घरून सोडत नाहीत. या मुलांना आपण खेळाडू म्हणत नाही, त्यांचा आज कुठे सत्कार नाही. पण या जिल्ह्यात रोज, न चुकता, कोणी सांगितल्याशिवाय धावणारी एवढी मोठी फौज दुसरी नाही.

यांना सिंथेटिक ट्रॅक आजच्या आज द्या, असे आम्ही म्हणत नाही; तो यावा, त्यासाठी पाठपुरावा व्हावाच. तोवर प्रत्येक तालुक्याच्या गावी एक मैदान निवडा. टेपने मोजून ४०० मीटरचा घेर आखा, म्हणजे मुलांना चार फेऱ्या आणि मुलींना दोन. दर पंधरवड्याला फक्की मारा. गोळाफेकीचे एक वर्तुळ, दोन दिवे, पाण्याचा एक नळ, मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह. फाटक पहाटे साडेचारला उघडणारा एक माणूस नेमा आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार द्या. पाऊस ओसरला की दिवाळीआधी हे सारे होऊ शकते. पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि नगराध्यक्षांनी आजच्या कार्यक्रमातच तारीख जाहीर करावी.